दोन मिलिमीटर

सिप्रू कागद घेऊन आला तेव्हा
भजनी मंडळाचे पन्नास सदरे मी वाळत घातले होते
म्हापशाच्या बाजारामागच्या गच्चीवर.
म्हणाला, बँडचं नाव मानस.
मला वाटलं, मन.
मन नव्हे रे, खाजनाच्या बांधाचं दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.

नाव वाचता येत नव्हतं.
अक्षरं कसली, खारफुटीची मुळं ती,
चिखलातून वर येऊन एकमेकांत अडकलेली.
काना कुठला, फांदी कुठली,
आणि मधल्या अक्षराच्या जागी नांगी उगारलेली कुर्ली,
पाठीवर दाराच्या फळ्या, खिळा न् खिळा काढलेला.
लोकांना कळणार कसं, मी विचारलं.
ज्याला विचारावंसं वाटेल त्याला कळेल, म्हणाला.

तोवर मला एवढंच ठाऊक:
उमेदवाराचं नाव लांबून दिसलं पाहिजे,
फुटबॉलच्या पोरांच्या छातीवर
टायरवाल्याचा फोन नंबर मावला पाहिजे.
अक्षरं लपवायचे पैसे
पहिल्यांदाच कुणी दिले. तेही निम्मे.

काळ्या कापडावर रंग सरळ बसत नाही.
आधी खाली पांढरा अंथरायचा,
वाळू द्यायचा, मग त्यावर गंजासारखा तांबूस.
फ्रेम जुनी. कितीही धुतली तरी जाळीत
मागच्या फेस्ताची तारीख भुतासारखी राहिलेली.
सिप्रूने ती उन्हाला धरून पाहिली.
राहू दे, म्हणाला, चिखलात काय काय सापडतं.

पाठीवर बँडवाले गावोगावच्या तारखा छापतात.
यांच्याकडे एकच गाव, शिवोली.
म्हणून त्याने त्या रात्रीच्या
भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या
मानशीवर राखण करणाऱ्या मामाला विचारून.

छत्तीस नग.
एकोणिसाव्याला माझा हात हलला.
तांबूस दोन मिलिमीटर सरकला,
कुर्लीच्या कडेने पांढरी रेघ उरली,
जणू ती नुकतीच चालू लागलीय, तिरकी.
मी तो फडक्यांत टाकला.
सिप्रूने उचलला, तिथेच अंगात घातला, ओला.
जाताना दाराच्या चौकटीला घासला.
तो डाग मी पुसलेला नाही.

गाणी मला आवडली असं म्हणणार नाही.
एकदाच ऐकली. घरी येईस्तोवर कानात जनरेटर.
दोन वर्षांत ड्रमवाला बोटीवर गेला,
सिप्रू स्विंडनला, कसल्याशा गोदामात.

काल शुक्रवार.
हरमलच्या मिरच्या मांडून बसलेल्या एका बाईने
उन्हासाठी साडीवर टी-शर्ट चढवलेला.
काळा कसला, राखेचा रंग.
कुर्ली भेगाळलेली,
पाणी हटल्यावर खाजन भेगाळतं तशी,
आणि नाव आणखी खोल मुळांत गेलेलं.
तांबड्याच्या कडेला पांढरी रेघ.
मला मोजायची गरज नव्हती.

हा कुठला, मी विचारलं.
घरचोच, ती म्हणाली. कितें जाय? मिरसांग?

पाठ दाखवा, असं बाईमाणसाला कसं म्हणायचं.
अर्धा किलो घेतली, लागत नव्हती तरी.
पिशवी काढायला ती वळली
आणि दिसल्या वेळा,
धुऊन धुऊन आठाचा तीन झालेला,
ओहोटीचा ओ कुठेतरी वाहून गेलेला.
मी उगाच घड्याळ पाहिलं.