उन्हाचा उशीर

निंभोऱ्याला मे महिन्यात
बाराच्या ठोक्याला रूळ तेवढा तापत नाही
जेवढा अडीच-तीनला.
सूर्य कलायला लागतो,
आणि लोखंडाला तेव्हा कुठे कळतं, ऊन पडलं होतं.
रुळाच्या पोटाला थर्मामीटर चिकटवून
मी बाभळीच्या फाटक्या सावलीत बसायचो.
काटा पासष्टच्या पुढे गेला की फोन:
वारके बोलतोय, गाडी हळू काढा.

एकतीस वर्षं कीमन होतो.
रूळ सरकतो, हे लोकांना खरं वाटत नाही.
आम्ही त्याला किरीप म्हणायचो.
दोन्हीकडे खुंट गाडलेले, मध्ये ताणलेला दोरा,
रुळावर छिन्नीची एक खूण.
वहीत लिहायचं: चार मिलिमीटर, सावद्याकडे.
पुढच्या महिन्यात पाच.
कुणी ढकललं, ते लिहायला रकाना नव्हता.

आता रिटायर. रात्री धाब्यावर झोपतो.
भाची यामिनी जळगावहून आली होती,
तिचं शिक्षण आकाशातल्या दगडांचं.
वहिनी म्हणते, नोकरी कुठे लागीन हिला, त्या दगडावर?
रात्री एकला यामिनीने बोट केलं:
मामा, तिथे एक आहे. दिसत नाही, पण आहे.
अर्धा किलोमीटरचा.
स्वतःभोवती फिरतो, एक अंग तापतं,
आणि ते अंग दुपार कलल्यावर
जास्तीत जास्त ऊब बाहेर टाकतं.
ऊब जाते त्याच्या उलट्या अंगाला
दगड किंचित रेटला जातो.

दुपार कलल्यावरच का, हे मी विचारलं नाही.
ते मला माहीत होतं.
विचारलं, जोर किती?
तीन द्राक्षं तळहातावर ठेव, म्हणाली, तेवढा.
एवढ्या धोंड्याला?
हो. वर्षाला पावणेतीनशे मीटर वाट सरकते.

पावणेतीनशे.
माझ्या चौकीपासून फाटकापर्यंत,
बिडी अर्धी संपते तेवढं.
पण मामा, कोटी-कोटी वर्षं, ती म्हणाली,
आणि मग दोघंही गप्प झालो, कारण
मालगाडी निघाली होती आणि तिचे डबे मोजायची
मला अजून सवय आहे. अठ्ठावन्न.

माझी पाठ कठड्याला टेकलेली.
रात्र एवढी झाली तरी भिंत
दुपारचे तीन सोडत होती, माझ्या सदऱ्यात.
पहिल्यांदाच वाटलं, ती मला ढकलतेय.

जो ज्या दिशेने सूर्याला फेरी घालतो
त्याच दिशेने गिरकी घेतो, तो बाहेर जातो.
उलटी गिरकी घेतो, तो आत, सूर्याकडे.
आणि दगड ओबडधोबड असेल, कुठे नाक, कुठे कुबड,
तर ऊन त्याची गिरकीसुद्धा बदलतं.
काही मंदावतात, पार आळसावतात.
काहींना इतका वेग येतो की
अंगावरची खडी सुटते,
आणि त्याच खडीचा कधी एक छोटा चंद्र होतो,
कोंबडीमागे पिल्लू तसा.

एखादा आपल्यावर चालून आला तर?
लवकर कळलं, तर एका अंगाला पांढरा रंग फासायचा.
ऊन परतेल, रेटा बदलेल, वाट चुकेल.
मी हसलो. सांध्यावरच्या रुळांना
आम्हीही उन्हाळ्यात पांढरा रंग फासायचो.
म्हणजे सूर्यालाच चुना लावायचा, म्हटलं.
ती एवढी हसली की खालून वहिनी ओरडली.

सकाळी उगाच खुंटांपर्यंत गेलो.
लुकमान तडवी, नवा पोरगा, दोरा ताणून बसला होता.
किती रे?
तीन मिलिमीटर, काका. रावेरकडे.
रावेरकडे?
एकतीस वर्षांत तिकडे कधी सरकला नव्हता.
त्याने पुन्हा मोजलं. तीनच.
खूण छिन्नीची, माझ्याच हातची.
म्हटलं, जसं आहे तसं लिही,
आणि पाणी पी आधी, दहा वाजलेत.