लोलक

जिनगर मास्तरांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती.
सोमवार पेठ, दुसरा मजला, टर्पेंटाइनचा वास तसाच.
रंगांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेला
पितळी दांडीवरचा लोलक निघाला,
अंगठ्याच्या पेराएवढा.

सोवनींनी तो खिडकीशी धरला
आणि सगळ्या चित्रांचा भाव निम्म्यावर आणला.
"म्हणजे गिरवायचे तर!"

मला माहीत होतं. चौदा वर्षं रंग घोटले मी त्यांचे.

एकदा मलाच बसवलं स्टुलावर.
एक डोळा मीट. श्वास बेताने घे.
खाली कोरा कागद, कागदावर तरंगत
समोरची पारू बोहारीण, नथीसकट.
पेन्सिल टेकवावी तर पारू विरायची,
पारू दिसावी तर पेन्सिल नाहीशी.
मान केसभर हलली
की नाक गालावर.
तासाभराने कागदावर उरलं
ओळखीच्या बाईचं प्रेत.

मास्तर खोकत हसले.
"काच सगळं देते गं,
कुठे थांबायचं तेवढं देत नाही."
लोलक खिशात टाकून
माझ्याच रेघांवर, खालच्या पापणीपाशी
त्यांनी करंगळीने जरासं पुसलं.
आणि पारू घासाघीस करू लागली,
एका जरीच्या साडीला
एकच पातेलं, वर चमचासुद्धा नाही.

सोवनी म्हणतात, लोलकही द्या,
चित्रांशेजारी मांडू, पुरावा म्हणून.
मी फडकं पुन्हा गुंडाळते.
त्याचे वेगळे पडतील, म्हणते.
पारूच्या चित्राइतके.
कालच्या भावाने.