दोन बोटं माया

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ, औषधाच्या दुकानावरची खोली.
एक मशीन, एक इस्त्री, भिंतीला आरसा.
चाळीस वर्षं मी बायकांची मापं घेते आहे
आणि मला पक्कं ठाऊक आहे, फीत कमरेला टेकली
की बाई श्वास आत ओढते.
नवरी ओढते. आजारी ओढते.
सात महिन्यांची गर्भारशीसुद्धा, सवयीनं.

त्सिउरी ओढत नाही.

शाळेत भूगोल शिकवते. गेल्या शरदात पहिल्यांदा आली
तेव्हा मिटलेल्या छत्रीसारखी होती.
कोट टेबलावर ठेवून म्हणाली,
खांद्यात सैल करा. दंडात करा. स्कर्ट मांडीत.
अहो, म्हटलं, हा तर आत्ताच ढगळ होतोय.
म्हणाली, आत्ता होतोय.
वसंतापर्यंत मी आठ किलो वाढणार आहे.
असं, जसं कुणी म्हणावं,
वसंतापर्यंत गच्चीला रंग देणार आहे.

मी टाचण्या तोंडात धरल्या, म्हणजे बोलायला नको.

कारण मला ते हिवाळे आठवतात,
वीज नव्हती, पावाची रांग चर्चच्याही पुढे जायची,
आणि मी मेणबत्तीच्या उजेडात फक्त आत घेत होते.
अख्ख्या गल्लीचे झगे आत घेतले.
सासूचा काळा स्कर्ट एका वर्षात तीनदा.
कापून निघालेल्या पट्ट्यांनी एक उशी भरली मी.
अजून आहे ती. डोकं ठेवत नाही तिच्यावर.
कुणाकुणाचं अंग आहे तिच्यात.

आणि ही सांगते, वाढणार आहे. मुद्दाम.

गाड्यांचा कारखाना बंद पडला, त्याच्या एका शेडमध्ये
म्हातारा बादूर वजनं उचलायला शिकवतो. पत्रा गळतो.
ठिबकणाऱ्या जागा सोडून सगळे उभे राहतात.
ही मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी जाते
आणि उरलेले दिवस खाते.
सहा अंडी. मडकंभर राजमा. दही. ओंजळभर अक्रोड.
मजा असेल, मी म्हटलं.
नाही हो, म्हणाली, चौथ्या जेवणाला रडू येतं.
भूक नसताना खाणं, तेही एक वजनच उचलणं.

आई फोन करते झुग्दीदीहून :
अशी रेड्यासारखी झालीस तर बघणार कोण तुझ्याकडे?
मी बघते, ही सांगते. रोज. वही घेऊन.

आनंदानं अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात.
हिचं उलटं झालं.
मांस आधी चढलं, मूठ मूठ करून, हिशेबानं,
आनंद मागाहून आला, जिना चढून, जरा धापा टाकत.
फेब्रुवारीत फीत दंडाभोवती पुरेना असं नाही,
पण मला हात लांबवावा लागला.
आतून काहीतरी फितीला ढकलत होतं.
मी न विचारता शिवणीत दोन बोटं माया सोडली.

परवा आली.
माझं मशीन बिडाचं, पायासकट, अंधाऱ्या कोपऱ्यात.
गिवी गेला तेव्हापासून खिडकीशी न्यायचं आहे.
दोन पुरुष मिळाले की नेऊ, म्हणत होते.
अकरा वर्षांत दोन पुरुष एका वेळी मिळाले नाहीत.

तिनं मला विचारलंसुद्धा नाही.
पाय रुंद केले, गुडघे वाकवले,
आणि श्वास आत ओढला,
तोच, ज्याच्यामागे बायका लपतात,
तिनं तो पोटात खुंटीसारखा रोवला.

मशीननं जमीन सोडली.
फरशीवर चार काळे चौकोन उरले, अकरा वर्षांचे.
चार पावलं. खिडकी.
आणि टर्रकन
कोट उजव्या खांद्यावर उसवला.

दोघी गप्प.
मी फाटीत बोट घालून चाचपलं.
आहे, म्हटलं. अजून आहे.

मग मी उजेडात बसून दोरा ओवला
आणि ती उघड्या दंडांनी खिडकीत उभी राहिली
डब्यातलं उकडलेलं अंडं सोलत,
पाचवं की सहावं, मोजत.