झोल

हसुराम घरत पहिल्यांदा आले तेव्हा
दाराबाहेर चपला काढून त्यांनी वाकून सारख्या केल्या,
दोन्हींच्या मध्ये बरोबर चार बोटं अंतर.
मग आत येऊन म्हणाले,
ठोकळ्यांच्या गाड्या बनवता त्या तुमीच ना?
माना माजी क्रेन पायजे.

दुकानात खोक्यात मिळते ती नको होती.
न्हावा-शेवाच्या यार्डातली, पिवळी, त्यांची.
बावीस वर्षं केबिनच्या काचेतून
स्वतःच्या दोन पायांमधून खाली बघितलेली.
बाहेरून कशी दिसते, ते त्यांना नीट आठवत नव्हतं.

सीवूड्सच्या या दुसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे फरसाणाच्या एकशे चाळीस बरण्या आहेत,
फरसाण एकीतही नाही.
आठ दात्यांची चाकं, चोवीस दात्यांची, चाळिसांची,
पिना: काळ्या घट्ट, करड्या सैल.
अकरावीला गेलेल्या मुलांच्या आया
पिशव्या भरभरून आणतात, किलोवर देतात.
पिवळा मात्र कधीच पुरत नाही.

चार महिने गेले.
पाय उभे राहिले तर तुळई वाकायची,
तुळई ताठ केली तर पाय फाकायचे.
मोटर आणि दोर यांच्यामध्ये मळसूत्री दांडा घातला:
त्याच्या चोवीस फेऱ्या, चाकाची एक.
मोटर थांबली की भार तिथेच थांबतो,
केसभर सुटत नाही.
सुती दोरा ताणायचा, म्हणून दिवाळे गावातून
तंगुसाचं रीळ आणलं.
खोका हलू नये म्हणून चारी दोर तिरके घेतले,
शिवाय दोन्ही अंगांना सरकपट्ट्या.
आणि एका रात्री दीड वाजता
खोका खाली उतरला, ओळंबा धरल्यासारखा.
मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितलं,
यात झोल नाही.

ते नातीला घेऊन आले, स्वरांगीला.
मान वळत नाही त्यांची,
रस्ता ओलांडताना उजवीकडचं ती सांगते.
तीनदा वरखाली करून बघितलं. झ्याक केलंय, म्हणाले.
मग गप्प झाले,
पाहुण्याच्या घरी आमटीत मीठ नसलं
की माणूस होतो तसे.

ताई, यो झुलं नाय.

झुलायला नकोच ना, तेच तर मी

झुलं नाय तं मंग मी वर काय करत व्हतो?

हातातली पिशवी त्यांनी बोटाला अडकवली,
आत दोन दोडके.
झोका दिला. पिशवी गेली, आली, गेली,
आणि ती जात असताना हातही तिच्यामागून गेला,
जरासाच. आधी नाही, नंतर नाही.
पिशवी उभी.
खाडीवरचा वारा कुनाचा आयकतो?
यो शिकाला माना दोन वरसा लागली.

मी सरकपट्ट्या उपसल्या.
दोर सरळ केले, खोक्यात मूठभर लोखंडी नट भरले,
सोळा काळ्या पिना काढून करड्या घातल्या.
चार महिन्यांचं काम, वीस मिनिटांत सैल.

त्यांनी क्रेन उचलून फरशीवर ठेवली.
चालंल ना, विचारून
जेवणाच्या टेबलावर चढून बसले,
पाय खाली सोडून, फाकवून, मध्ये क्रेन.
दोन्ही हातांत दोन खटके.
मान आपोआप गेली तिच्या जागी,
जिथे ती गेली पंधरा वर्षं
उशी लावून, शेक देऊन जाऊ दिली नव्हती.

पहिल्यांदा खोका पायावर आपटला.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा तो लांब झुलला, आणि ट्रॉली
अर्धं बोट त्याच्यामागे सरकली.
नट आतल्या आत एकदा खळखळले
आणि खोका निळ्या ट्रकवर
नुसता उभा राहिला.

तिथं खाली आमचं आगर हाय, ते म्हणाले.
माझ्या फरशीकडे बघून.

आबा, मी येऊ वर? स्वरांगीनं विचारलं.

वर न बघता
ते टेबलावर थोडे बाजूला सरकले.