सत्त्याऐंशी अंशांवर

अकरा जणांचा उष्मागतिकीचा विषय राहिला.
भिंतीवरच्या यादीसमोर कुणी कुणाकडे बघेना,
मीही मान खाली घातली.
एउलालिया म्हणाली, "गुरुवारी या. येताना खुर्ची आणा."

खुर्च्या सहाच आल्या.
एल आल्तोत, रुफिनोच्या मामाच्या टायरच्या दुकानामागे
रबराच्या वासाची एक खोली,
पत्र्याखालून सरपटत आत येणारी थंडी.
फळा नव्हता.
ट्रकच्या टायरवर खडू चांगला उठतो
हे तेव्हा कळलं.
समीकरण लांबलं की टायर फिरवायचा.

पहिल्या गुरुवारी कुणी काहीच विचारलं नाही.
"मला येत नाही" म्हणायलाही
थोडी ओळख लागते.
साबिनोने वह्यांचे फोटो काढले आणि तो गेला.

दुसऱ्या गुरुवारी
पाठीला रंगीत कापडात पोर बांधलेली डेल्फिना
किटलीकडे बघत पुटपुटली,
पुस्तकात शंभर लिहिलंय.
मग माझ्या आईचे बटाटे शिजता का शिजत नाहीत?

थर्मामीटर रुफिनोने प्रयोगशाळेला न विचारता आणलेला.
पाणी खदखदत होतं. सत्त्याऐंशी.
बिघडलाय, कुणीतरी म्हणालं.
पुसून परत घातला. सत्त्याऐंशी.
आणि एकदम सगळेच बोलायला लागले,
स्पॅनिशमधून आयमारात, आयमारातून हातवाऱ्यांत,
हवेचा दाब, चार हजार मीटर, आयांचे बटाटे,
पोर जागं झालं, रडलं,
त्याला एउलालियाने घेतलं
आणि डेल्फिनाने हातात खडू.

पुढच्या खेपेला साबिनो आला, खुर्ची घेऊन.
कुणी काही बोललं नाही. सरकून बसले.

एक सांगायचं राहिलं.
मी पास होतो. एकावन्न, काठावर.
सगळं पाठ होतं, कळलं काहीच नव्हतं.
हे मी त्यांना सांगितलं तेव्हा जून उलटला होता,
आणि रुफिनो म्हणाला, माहीत होतं रे,
यादी आम्हीही वाचली होती.

डिसेंबरात आठ जण सुटले. डेल्फिना नाही.
ती मार्चला परत बसणार आहे,
गुरुवार चालूच आहेत.

आमचा टायर मात्र विकला गेला.
मामाने तो युंगासला उतरणाऱ्या ट्रकला चढवला,
खडू न पुसता.
डेल्फिनाच्या अक्षरातलं अर्धं समीकरण
वळणावळणाने घरंगळत गेलं
खाली, दमट हिरव्या गावांकडे,
जिथे पाणी जवळजवळ
पुस्तकात लिहिल्यासारखं उकळतं.