पुठ्ठ्याची भोकं

प्रभू, आज पुन्हा तेच विचारतोय.
ओबेदचा पुण्याहून फोन होता,
सोसायटीच्या गेटवर जागा आहे, सोमवारपर्यंत कळव.
इकडं अक्कलकोट रोडला आमची शेड
आठवड्यातून तीन दिवस चालते.
उरलेले दिवस मी मागांना तेल देतो,
आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा.

पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा, शालमोन.
मला वाटलं होतं, निदान पगार किती ते विचारतील.

म्हणून गच्चीवर आलोय.
एप्रिल. रात्री अकराला फरशी पोळते.
खाली नरसम्मा अजून विडीची पानं कापतेय,
तेवढाच कात्रीचा आवाज.
तुझ्याकडून एकच शब्द हवा होता,
जा, किंवा थांब.

बाप माझा जेकार्डचे पत्ते पंच करायचा.
पुठ्ठ्यावर भोकं, ओळीनं, दिवसभर;
चादरीवरचा मोर त्यात कुठंच दिसायचा नाही.
एकदा म्हणाला,
भोक असतं तिथंच धागा उठतो, लेकरा,
कोरा पुठ्ठा त्याला उठू देत नाही.

तर हे तुझं न बोलणं
भोक आहे, की कोरा पुठ्ठा?
एवढं तरी सांग.

नाही?
बरं.

सालोमी हाक मारतेय.
नळाला पाणी आलंय, पाचव्या दिवशी,
तेही अशा अवेळी.
येतो खाली.
घागरी, बादल्या, पिंप, मग पोरांच्या बाटल्या.
ओबेदला अजून काही कळवलेलं नाही.