कारण अज्ञात

हिद्दच्या सुक्या गोदीत, जहाजाचं पोट खरवडून झाल्यावर
पहाटे साडेतीनला करक चहा येतो.
तेव्हा ग्लेनिस कॅंडी, सेफ्टी इन्स्पेक्टर, राहणार होबार्ट,
हेल्मेट उलटं ठेवून त्यात बिस्किटं ओतते
आणि खापरपणज्याच्याही मागच्या एका माणसाची चौकशी करते.

मल्याळी पोरं तिला मिठाई मॅडम म्हणतात.
तिलाही वाटायचं, आडनाव साखरेवरून पडलं असणार.
मग कुठल्याशा दप्तरखान्यातून कागद आला:
ठाण्याचा तुरुंग. तिथून मॉरिशस.
तिथं काही आगळीक, म्हणून आणखी खाली, व्हॅन डीमेन्स लँड.
नाव, कॅंडो. गाव, ॲकशी.
माडीच्या कराची चौकी जाळली. जाळणारे सहा, सापडला एक.

ॲकशी कुठे आलं, तिनं विचारलं,
चंद्रावरचा खड्डा विचारावा तसं.
मी म्हटलं, आक्षी. अलिबागहून रिक्षा मिळते.
आमची वाडी तिथून दोन हाकांवर.
ती हसली नाही. हातमोजा काढून
तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

उंची पाच फूट तीन.
रंग काळा; मग दुसऱ्या शाईत, तांबूस काळा.
दात दोन कमी.
दोन्ही पावलांना आतून जाड घट्टे. कारण अज्ञात.

अज्ञात कसलं?
काथ्याचा फेर पायांत अडकवून
दिवसातून दोनदा पंचवीस माड चढा,
कमरेला कोयती, पाठीला मडकं,
मग कारण विचारा.
माझ्या बापाच्या घट्ट्यावर काडी ओढली तर पेटायची.
आम्ही पोरं त्यावरून भांडायचो, आज काडी कुणाची.

हे मी तिला इंग्रजीत सांगितलं.
काडीचं सांगता आलं नाही.

फोटो आहे? तिनं विचारलं.
पावलांचा फोटो कोण काढतं, बाई.
बापाचा एकच आहे, माझ्या लग्नातला.
त्यात त्यानं भावोजींचे बूट घातलेत.

दुसरा कागद बारा वर्षांनंतरचा, लग्नाच्या परवानगीचा.
वधू ब्रिजेट, परटीण, तीही शिक्षेवर आलेली.
एकदा नामंजूर. पुन्हा अर्ज. मंजूर.
आधीच्या कागदावर होतं: विवाहित, मुलगी एक.
या कागदावर: अविवाहित.
खोटं बोलला का रे तो, ग्लेनिस म्हणाली.
तिच्या कपाळावर हेल्मेटचा वळ होता.

मी काही बोललो नाही.
आमच्या इमारतीवर पाटी आहे, बॅचलर्स ओन्ली.
आत आम्ही अठ्ठावीस लेकुरवाळे,
एकेका खोलीत सहा, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात.
शुक्रवारी आंघोळीला रांग लागते
आणि प्रत्येकाच्या हातात कुणाची तरी दहावी, कुणाचं तरी बाळंतपण, फोनवर.
कुणीच खोटं बोललेलं नाही.
रकाना छापूनच आलेला असतो.

शेवंताला फोन लावला.
खंडू? म्हणाली, आपल्यात पिढीला एक असतो.
दर्यापार गेलेला? तेही असतात.
मग आवाज खाली आणून: त्या बाईला वाडीत हिस्सा हवाय काय?
मी म्हटलं, नाही, नुसतं नाव हवंय.
नावाचं काय करायचंय तिला?
मागे कुणीतरी नारळ सोलत होतं.

आणि ती मुलगी, जिच्यापुढे फक्त एक आकडा आहे?
तिचं नावही नाही, कारकुनाला गरज नव्हती.
तिची मुलं-नातवंडं वाडीतच असतील.
मीच असेन. नसेनही.
ग्लेनिसचे कान माझ्या मावशीसारखे आहेत,
पण कान काय, कुणाचेही कुणासारखे असतात.

शिफ्ट संपता संपता ती म्हणाली,
तुमच्या अक्षरांत लिहून दे.
बिस्किटाच्या पुड्यावर मी लिहिलं: खंडू.
तिनं खाली गिरवलं, जीभ दातांत धरून,
ख सुटा पडला, र वेगळा, व वेगळा.
रवंडू.

भोंगा झाला. गोदीत पाणी सोडायला लागले.
मी दुरुस्त केलं नाही.
तिनं पुडा घडी करून खिशात ठेवला, छातीजवळच्या,
जिथे आम्हाला ओळखपत्र लावायला सांगितलंय.